मार्चअखेरचं बिल आणि डाळिंबी टी-शर्ट

१५ मार्च २०२३, संध्याकाळचे साडेसात. मार्च महिन्यात कर सल्लागाराला कुणी सहज म्हणून फोन करत नाही. फोन आला की समजायचं, कुणाचा तरी हिशेब अडलाय.

"दादा, जूनच्या शाळेच्या ऑर्डरचं बिल आत्ताच फाडलं तर चालतं का?"

"माल तयार आहे?"

"टी-शर्टचं कापड येऊन पडलंय. ट्रॅकपँटचं अजून नाही."

"मग बिल कशाचं फाडणार?"

पलीकडे शांतता. मागे ओव्हरलॉक मशीनचा आवाज चालू होता. मग ती म्हणाली, "बँकेचे मॅनेजर म्हणाले, मार्चअखेर उलाढाल बत्तीस लाख तरी दिसू द्या."

हे प्रकरण त्या एका प्रश्नाचं आहे. तिच्या परवानगीनं लिहितोय. नाव मात्र लिहायचं नाही असं ठरलंय, म्हणून इथे ती 'ती'च, खेळाचे कपडे शिवून विकणारी.

पार्श्वभूमी

ती माझी कॉलेजची ज्युनियर, म्हणजे चांगली नऊ-दहा वर्षांनी धाकटी. मी क्रॉसकंट्री पळायचो, बेताचाच. ती ८०० मीटरवाली. विद्यापीठाच्या संघात होती, विद्यापीठांच्या 'अश्वमेध' क्रीडा महोत्सवाला जाऊन आली होती. पुण्यात सारसबागेसमोरच्या सणस मैदानावर पहाटे तिचा सराव चालायचा आणि आम्ही जुने लोक पोट कमी करायला तिथेच यायचो, त्यातून ओळख. मी तिला पळताना बरंच पाहिलंय. एक शर्यत विसरत नाही. पहिला चारशेचा राउंड बासष्ट सेकंदांत मारला तिनं. कोच रेषेवरून ओरडत होते, "अगं, हळू, सदुसष्ट, सदुसष्ट!" सहाशेपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या दोनशेत पाय उचलेनात, आणि पाच जणी शेजारून निघून गेल्या.

धंद्याचं बीज मात्र टी-शर्टमध्ये होतं. मुलींना मिळणारं किट म्हणजे मुलांच्याच पॅटर्नवर कापलेला स्मॉल साइज. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, मुंढा इतका खोल की हात मागे-पुढे होताना काखेत कापड घासून कातडी सोलायची. गळा मोठा, म्हणून आत दुसरा टी-शर्ट. कबड्डीच्या मुली तर टी-शर्ट कमरेपाशी गोळा करून रबरबँड लावायच्या. हे सगळ्यांनाच दिसत होतं. तिनं एवढंच केलं की आपला एक टी-शर्ट उसवला, वर्तमानपत्रावर ठेवून त्याचा पॅटर्न काढला आणि मुंढा दीड इंच वर घेतला.

तिची आई, म्हणजे आमच्या काकू, घरी फॉल-पिको आणि ब्लाउज करायच्या. पहिला टी-शर्ट त्यांनीच शिवला, साध्या मशीनवर. पहिल्याच दिवशी ताणून शिवणीचा दोरा तुटला. होजिअरीच्या कापडाला साधी टीप चालत नाही, कापड ताणलं की टीपही ताणली पाहिजे. तिथून अशी ताणणारी शिवण घालणारी मशीनं आली, आधी जुनी ओव्हरलॉक, मग फ्लॅटलॉक. २०१८ मध्ये सुरुवात झाली ती ३८,००० रुपयांवर. त्यातले २०,००० काकूंच्या भिशीचे. भिशी लागली तेव्हा खरं तर घरात फ्रिज यायचा होता. तो पुढे तीन वर्षांनी आला, आणि काकू त्याची आठवण अजून करून देतात.

कापडाबद्दल थोडं सांगतो, कारण पुढे सगळं त्यावरच आलंय. सुती धागा हवेतूनच आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओल धरून बसतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे घामानं सुती टी-शर्ट जड होतो, अंगाला चिकटतो. पॉलिएस्टर घाम शोषत नाही, कापडाच्या विणीतून तो बाहेरच्या बाजूला पसरतो आणि उडून जातो. बाजारात ज्याला डॉटनिट म्हणतात ते हेच, बारीक छिद्रांचं, बहुतेक सुरतेकडून आलेलं, किलोवर विकलं जाणारं. साधारण दीडशे जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला दीडशे ग्रॅम) कापड घेतलं तर कटिंगची नासधूस धरून किलोमागे साडेपाच टी-शर्ट बसतात.

वहीतलं पहिलं पान

तिच्या ऑर्डरच्या वहीत पहिल्या पानावर एक आकडा लिहिलेला आहे : १७,००० डॉलर. अंडर आर्मर या खेळाचे कपडे करणाऱ्या अमेरिकन कंपनीची १९९६ सालची, म्हणजे पहिल्या वर्षाची विक्री. त्या वेळच्या दरानं सहा लाख रुपयांच्या आसपास. कॉलेजात असताना कुठल्याशा उद्योजकता शिबिरात तिनं या कंपनीचा संस्थापक केव्हिन प्लँक याची गोष्ट ऐकली आणि ती तिला चिकटली. तशी नाइकीच्या फिल नाइटचीही गोष्ट सांगितली होती म्हणे. ओरेगन विद्यापीठाकडून मधल्या पल्ल्याचं धावणारा, १९६४ मध्ये आपले कोच बिल बॉवरमन यांच्याबरोबर प्रत्येकी ५०० डॉलर घालून जपानी बूट गाडीच्या डिकीतून विकणारा. म्हणजे गडी तिच्याच जातकुळीतला. पण ती म्हणायची, "तो बुटांचा, हा कपड्यांचा."

प्लँक मेरीलँड विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात होता. शिष्यवृत्ती नसताना चाचणी देऊन संघात शिरलेला, पुढे स्पेशल टीमचा (किकच्या डावांपुरत्या उतरणाऱ्या तुकडीचा) कप्तान झालेला. तारा वगैरे नव्हे. सरावात त्याचा सुती टी-शर्ट घामानं चिंब व्हायचा, पण आत घातलेली घट्ट शॉर्ट कोरडी राहायची. मग अंगात घालायचा टी-शर्टही त्याच कापडाचा का नको? व्हॅलेंटाइन डेला कॅम्पसवर गुलाब विकून त्यानं पैसे साठवले होते. ते आणि क्रेडिट कार्डांवरचं कर्ज अशा भांडवलावर, वॉशिंग्टनमधल्या आजीच्या घराच्या तळघरात त्यानं धंदा मांडला. न्यूयॉर्कच्या कपडेपट्ट्यात नमुने शिवून घेतले आणि व्यावसायिक संघांत पोचलेल्या जुन्या सोबत्यांना घालायला दिले. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीचा शेअर बाजारात आला तो १३ डॉलरला, आणि पहिल्याच दिवशी भाव दुपटीच्या घरात गेला. २०१० मध्ये वार्षिक विक्री एक अब्ज डॉलरच्या वर गेली.

शिबिरात गोष्ट इथे संपली असणार. शिबिरांत गोष्टी इथेच संपतात. पुढचा भाग तिला मी सांगितला, पण तो १५ मार्चनंतर. त्याआधी ऑर्डर.

२,४०० टी-शर्ट

जानेवारी २०२३ मध्ये एका आयोजकानं महिला दिनाच्या धावस्पर्धेसाठी २,४०० टी-शर्ट मागितले. स्पर्धा रविवारी, १२ मार्चला. माल ९ तारखेला हवा, कारण १० आणि ११ ला बिब, म्हणजे छातीवर लावायचे नंबर, वाटायचे होते. तिच्यासाठी ही तोवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. त्यातही बायकांचा पॅटर्न हवा होता, म्हणजे तिची खासियत. भाव ठरला नगाला १५५ रुपये. ३ लाख ७२ हजार, त्यावर ५ टक्के जीएसटी १८,६००, एकूण ३ लाख ९० हजार ६००. आगाऊ मिळाले एक लाख.

तिचा खर्च नगामागे असा : कापड ४४, कटिंग ५, शिलाई ३०, छपाई १८, गळ्याची रिब-दोरा-लेबल-पिशवी मिळून ९, टेम्पो ३. एकशे नऊ. नगामागे ४६ रुपये सुटतात, म्हणजे १ लाख १० हजार ४००. कागदावर झकास. पण खर्च २ लाख ६१ हजार, हातात आगाऊ एक लाख, आणि बाकीचे पैसे स्पर्धा झाल्यावर. मधल्या एक लाख साठ हजारांसाठी तिनं बँकेच्या पाच लाखांच्या कॅश क्रेडिटमधून (मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायच्या कर्जातून) जमेल तेवढे उचलले. त्यातच ते गळ्यापर्यंत भरलं. कापडवाल्याला तीस दिवसांचा वायदा होता, त्याला अर्धेच दिले.

आयोजकाला कापड डाळिंबी हवं होतं, त्यावर पांढरी अक्षरं. छपाई तिची स्वतःची नाही, बाहेर देते. छपाईवाल्यानं १ आणि २ मार्चला १,५०० नग छापले. नेहमीची पांढरी शाई, नेहमीचं १६० अंशांचं क्युरिंग, म्हणजे भट्टीत शाई पक्की करणं. तिनं २ तारखेच्या रात्री गठ्ठे तपासले. दुधासारखी पांढरी अक्षरं.

४ मार्चला सकाळी पॅकिंगला बसलेल्या काकूंनी हाक मारली. "अगं, ही अक्षरं अशी का दिसतायत?"

गुलाबी. अगदी गडद नाही. दाढीच्या साबणाचा असतो तसा फिकट गुलाबी. एका गठ्ठ्यात जास्त, दुसऱ्यात कमी. ज्या नगांना भट्टीत थोडा जास्त वेळ मिळाला होता ते अधिक.

हे असं का होतं, ते धंद्यातल्या लोकांनाही पुष्कळदा एकदा पैसे घालवल्यावरच कळतं. पॉलिएस्टर रंगवायला जो रंग वापरतात तो तापवला की वाफ होतो. सब्लिमेशन छपाई याच गुणावर चालते, दोनशे अंशांच्या आसपास कागदावरचा रंग वाफ होऊन धाग्यात शिरतो. पण हाच गुण उलटाही फिरतो. लाल किंवा डाळिंबी कापडावर साधी पांढरी शाई छापून १६० अंशांवर शिजवली की खालच्या कापडातला रंग सुटतो आणि हळूहळू वरच्या शाईत चढतो. लगेच दिसत नाही. गरम गठ्ठा एकावर एक रचून ठेवला तर आणखी वेगानं चढतो. दोन-तीन दिवसांनी अक्षरं गुलाबी होतात. उपाय आहे : खाली करड्या शाईचा एक थर द्यायचा, जो रंग अडवतो, वर रंग न चढणारी पांढरी शाई आणि क्युरिंग कमी तापमानाला. खर्च नगामागे नऊ रुपये जास्त.

उरलेले ९०० नग तिनं तसे छापून घेतले. १,५०० चं काय करायचं? कापड, शिलाई, छपाई पुन्हा करायची तर वेळ नव्हता, आणि पैसे तर नव्हतेच. वरून दुसरा थर मारला तर अक्षरं जाड होतात आणि छातीवर पत्र्यासारखी लागतात. पळणारी मुलगी ती, तिनं ते एक नग घालून पाहिलं आणि काढून ठेवलं.

त्याच दिवशी तिनं आयोजकाला फोन केला. गठ्ठ्यात चांगले वर आणि गुलाबी खाली लावून पाठवणारे मी पाहिलेत, तिनं तसं केलं नाही. आयोजक फोनवर हसले. "महिला दिन आहे मॅडम, गुलाबी शोभेल. द्या पाठवून." तिला हायसं वाटलं. मलाही तिनं कौतुकानं सांगितलं, बघा, खरं बोललं की माणसं समजून घेतात. मी विचारलं, व्हॉट्सॲपवर लिहून घेतलंस का? नव्हतं घेतलं.

स्पर्धा झाली. तळजईच्या बाजूला नाश्ता करताना मला तसे तीन टी-शर्ट दिसले, कुणालाही काही खटकलेलं दिसलं नाही. १४ मार्चला आयोजकांचा निरोप आला : छपाई सदोष असल्यानं १,५०० नगांमागे ४० रुपये कापून घेत आहोत. साठ हजार. शोभणारा गुलाबी दहा दिवसांत सदोष झाला होता. बाकीचे पैसे? प्रायोजकाचा चेक आला की.

हिशेब करा. १ लाख १० हजार ४०० मधून ६०,००० गेले, ९०० नगांच्या जादा छपाईचे ८,१०० गेले, उरले ४२,३००. तेही येणं बाकी. साठ हजारांची क्रेडिट नोट (बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद) आणि त्यावरचा ३,००० जीएसटी वजा करून आयोजकाकडून २ लाख २७ हजार ६०० यायचे होते. छपाईवाला म्हणाला, मला कापडाबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. कापडवाला म्हणाला, छपाईबद्दल मी काय सांगणार. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, यासारखी वाईट गोष्ट धंद्यात दुसरी नाही.

बँकेचं गणित

आता तो फोन का आला ते कळेल. कॅश क्रेडिटची मुदत मार्चअखेर नव्यानं मंजूर व्हायची होती. तिला पाचाचे आठ लाख करून हवे होते. लहान उद्योगांना बँका साधारणपणे अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २० टक्के खेळतं भांडवल देतात. आठ लाख हवे तर चाळीस लाखांचा अंदाज दाखवायला हवा, आणि चाळीसचा अंदाज पटायचा तर चालू वर्षाचा आकडा त्याच्या जवळपास तरी हवा. तिची उलाढाल १५ मार्चपर्यंत २९ लाख होती, ही फसलेली ऑर्डर धरून. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. "बत्तीस तरी दिसू द्या," यात त्याच्या मते मदतच होती.

आणि तिच्या वहीत एका शाळेची पक्की ऑर्डर होती. ६०० संच, टी-शर्ट आणि ट्रॅकपँट, ५६० रुपये संच. ३ लाख ३६ हजार. माल द्यायचा जूनमध्ये, शाळा उघडताना. २९ आणि ३.३६, बत्तीस छत्तीस. आकडा आयताच चालून आलेला.

तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हे मला आधी कबूल केलं पाहिजे. ऑर्डर खोटी नव्हती. शाळा पैसे बुडवणारी नव्हती. तीन महिन्यांनी जे बिल फाडायचंच आहे ते आज फाडायचं, एवढंच. मार्च महिन्यात असं करणारे अर्ध्या बाजारात सापडतील, आणि माझ्या टेबलावरून अशी बिलं कधी गेलीच नाहीत असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

पण मी तिला दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावलं आणि प्लँकची उरलेली गोष्ट सांगितली.

अंडर आर्मरनं सलग २६ तिमाह्या २० टक्क्यांहून जास्त वाढ दाखवली होती. शेअर बाजार त्या आकड्यावर प्रेम करत होता. २०१५ चा हिवाळा अमेरिकेत नेहमीपेक्षा उबदार गेला आणि थंडीचे कपडे, म्हणजे कंपनीचा हातखंडा माल, पडून राहिला. त्या सुमाराला कंपनीनं एक मार्ग धरला. दुकानदारांनी पुढच्या तिमाहीत घ्यायचा म्हणून सांगितलेला माल याच तिमाहीत घ्यायला लावायचा. २०१५ च्या उत्तरार्धापासून पुढच्या सहा तिमाह्यांत मिळून ४० कोटी ८० लाख डॉलरच्या ऑर्डरी अशा अलीकडे ओढल्या गेल्या. माल खरा होता, गिऱ्हाईक खरं होतं. अमेरिकेच्या रोखे आयोगाचा आक्षेप होता तो या गोष्टीवर की गुंतवणूकदारांना हे सांगितलं नाही आणि त्यांना वाढ आपोआप होतेय असं वाटत राहिलं. मे २०२१ मध्ये कंपनीनं आरोप मान्य वा अमान्य न करता ९० लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं. प्लँक त्याआधीच, १ जानेवारी २०२० पासून, मुख्य कार्यकारी पदावरून बाजूला झाला होता. (हे लिहितोय तोवर तो परत त्याच खुर्चीत आहे, एप्रिल २०२४ पासून. मधल्या काळात त्या खुर्चीवर, एक हंगामी धरून, तीन जण बसून उठले.)

मी कागदावर दोन रकाने आखले. यंदा ३२.३६, ठीक. पण पुढचं वर्ष १ एप्रिलला सुरू होईल ते ३.३६ च्या खड्ड्यातून. जूनमध्ये माल जाईल, शिवणारे हात लागतील, मजुरी जाईल, आणि विक्री शून्य, कारण ती मार्चमध्ये लिहून झाली. मग पुढच्या मार्चला वाढ दाखवायची तर आधी हा खड्डा भरून वर आणखी ओढायचं. यंदा साडेतीन ओढलेस तर पुढच्या वर्षी सहा ओढशील.

आणि एक साधी गोष्ट, जी त्या अमेरिकन कंपनीला नव्हती आणि हिला होती. माल न देता नुसतं बिल फाडणं म्हणजे जीएसटीत सरळ गुन्ह्याला हात घालणं. ते सोडून दिलं तरी बिल फाडलं की कर लागला, पैसे येवोत न येवोत. शाळेच्या बिलावर १६,८००, तेही २० एप्रिलला. आयोजकाच्या बिलावरचा कर त्याच तारखेला. खरेदीवर आधीच भरलेल्या कराची (इनपुटची) वजावट धरली तरी भरायचे कुठून? शाळेचे पैसे तर जुलैत.

मग मी ते बोललो जे बोलायला नको होतं. म्हणालो, "हा तुझा बासष्टचा राउंड आहे."

ती चिडली. "दादा, धंद्यातलं सगळं ट्रॅकवर नेऊ नका. ट्रॅकवर ८०० मीटरनंतर रेष असते. इथे कुठाय रेष? तिथे मी हरले तर मीच हरले. इथे शिवायला येणाऱ्या दोन मावश्यांचा पगार आहे, आईचे पैसे आहेत. तुम्ही सांगता पुढच्या मार्चचं. मला हा एप्रिल काढायचाय."

ते बरोबर होतं. खेळाडू धंद्यात आला की सगळे त्याला शिस्त, जिद्द, चिकाटी ऐकवतात. मीही तेच केलं, फक्त शहाण्या चेहऱ्यानं. तिच्याकडे जिद्दीची टंचाई नव्हती. टंचाई होती २ लाख २७ हजार ६०० रुपयांची.

काय केलं

तासभर आम्ही तिची वही चाळत बसलो. मुद्दा असा धरला की जे खरोखर ३१ मार्चच्या आत देता येईल तेवढंच बिल. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना तिनं फोन लावला, स्पीकरवर. "सर, एप्रिलमध्ये तुमचं उन्हाळी शिबिर असतं ना? त्या मुलांना टी-शर्ट आधी देऊ का?" सरांनी विचार केला, मग म्हणाले, अडीचशे पाठव, पण साइज बरोबर पाठव, मागच्या वेळी बत्तीस नंबर कमी पडले होते. नुसत्या टी-शर्टचा भाव २२० धरला. ५५,०००. कापड होतंच. काकू, दोन मावश्या आणि ती, मिळून अकरा दिवसांत झाले. ३० तारखेला टेम्पो गेला, चलनावर शाळेचा शिक्का आला, बिल फाडलं.

किरकोळ विक्री आणखी ९०,००० ची झाली. मार्चअखेरचा आकडा ३० लाख ४५ हजार. बत्तीस नव्हे.

बँकेत मी बरोबर गेलो. आयोजकाचं येणं, क्रेडिट नोट, गुलाबी टी-शर्टचा एक नमुना, सगळं टेबलावर ठेवलं. मॅनेजरनं टी-शर्ट हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "हे मुद्दाम केलेलं वाटतं," म्हणाला. मर्यादा आठ झाली नाही, सहा झाली. एक लाख वाढले. त्यातून कापडवाल्याचा उरलेला हप्ता गेला आणि २० एप्रिलचा कर भरला. दोन मावश्यांपैकी एकीचा एप्रिलचा पगार दहा दिवस उशिरा झाला. त्या काही बोलल्या नाहीत, पण मे महिन्यात दुसरीकडे गेल्या. त्या उत्तम फ्लॅटलॉक मारायच्या.

आयोजकाच्या पैशांसाठी मी सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्याचा रस्ता सुचवला होता. माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि तेव्हा सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार घरबसल्या करता येत होती. तिची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, होती. तिनं तक्रार केली नाही. पुण्यात धावस्पर्धा भरवणारे लोक एकमेकांना ओळखतात, एकाला नोटीस गेली की चौघांना कळतं. मला हे पटलं नाही, अजूनही नाही. मे महिन्यात १ लाख १० हजार आले, ऑगस्टमध्ये ८०,०००. उरलेले ३७,६०० तिनं पुढच्या वर्षी बुडीत धरले. म्हणजे त्या २,४०० टी-शर्टांमधून तिला शेवटी सुटले ते ४,७००, त्यात उचललेल्या पैशांचं व्याज धरलेलं नाही.

आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरात बदल लागू झाला आणि लहान उत्पादकाचं बिल वेळेत न भरता वर्षअखेरीलाही थकवणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करून मिळेनासा झाला. तेव्हापासून मार्चमध्ये येणारे फोन थोडे बदललेत. आता मोठी गिऱ्हाइकं आपणहून विचारतात, किती द्यायचेत? तिला या बदलाचा फायदा झाला. आणि एक तोटाही : दोन जुन्या गिऱ्हाइकांनी नोंदणी नसलेल्या शिवणाऱ्याकडे काम वळवलं.

आता

शाळेची उरलेली ऑर्डर जून २०२३ मध्ये वेळेवर गेली. त्या वर्षीची उलाढाल ३६ लाखांवर थांबली. चाळीसची झेप नाही, पण एप्रिलची सुरुवात खड्ड्यातून झाली नाही. कबड्डीच्या मुलींचे शॉर्ट्स आता तिचा सगळ्यात चालणारा माल आहे. आतून ग्रिप असलेला कमरेचा पट्टा तिनं स्वतः बसवलाय, रबरबँडची गरज नाही. छपाई अजून बाहेरच देते, त्याच माणसाकडे. मी विचारलं तर म्हणाली, "त्याला आता महागात शिकवून ठेवलंय, नवा कशाला शोधू?"

गेल्या आठवड्यात तिच्याकडे गेलो होतो. कटिंगच्या टेबलाखाली एक पाट, पाटावर दोन विटा. मी विचारलं, हे काय? तिनं विटा उचलून दाखवल्या. खाली लाल डॉटनिटचा चौकोनी तुकडा, त्यावर पांढऱ्या शाईचा चौकोन, वर एक पांढरी चिंधी. नवं कापड आलं की ती त्यावर छपाईचा नमुना काढून घेते, गरम इस्त्री तीस सेकंद दाबते आणि असं विटांखाली तीन दिवस ठेवते. चिंधीवर किंवा शाईत रंग चढला तर ते कापड छपाईला जात नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कुठल्याशा सोसायटीच्या क्रिकेट स्पर्धेचे टी-शर्ट होते, सेक्रेटरींना घाई होती.

"नाही काका, छपाईला अजून दिलेलं नाही," ती म्हणाली. "कापड शनिवारीच आलंय. मंगळवारी सांगते."